भाड्याच्या घरात राहतो म्हणून कुत्रा मिळणार नाही?

कर्वेनगरचा भाडेकरू:
जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मी आणि बायको, दोघंही नोकरीला, वन बीएचके भाड्याचा. फेब्रुवारीत ठरवलं की देशी पिल्लू दत्तक घ्यायचं, विकत नाही. रस्त्यावरची कुत्री वाचवून दत्तक देणाऱ्या एका रेस्क्यूवाल्यांचा पाच पानी फॉर्म भरला. बाल्कनीला जाळी आहे का, घरमालकाचं पत्र, पगार किती, मूल होऊ देणार आहात का आणि झाल्यावर कुत्र्याचं काय, इथपर्यंत सगळं. व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं, अगदी बाथरूमसुद्धा. दहा दिवसांनी मेसेज, "तुम्ही भाडेकरू, दोघंही दिवसभर बाहेर, सॉरी." आणि ते पिल्लू कुठे होतं तर एका बाईंच्या घरी चौदा कुत्र्यांत!

मग वैतागून इंस्टावरून लॅब्रडॉरचं पिल्लू घेतलं. 18 हजार रोख. कुणी एक प्रश्न विचारला नाही. हायवेच्या कडेला गाडीतून पिल्लू काढून हातात दिलं, आई दाखवा म्हटलं तर "फार्मवर आहे". पंचेचाळीस दिवसांचं सांगितलं होतं, डॉक्टर म्हणाले जेमतेम पाच आठवड्यांचं असेल. तिसऱ्या दिवशी उलट्या, मग रक्ताचे जुलाब, पार्व्हो म्हणजे पिल्लांचा तो जीवघेणा आजार. नवव्या दिवशी गेलं. बायको अजून त्याचा बाउल उचलू देत नाही.

चूक माझी आहेच. पण मला सांगा, जो सगळं खरं सांगतो त्याला दारातनं परत पाठवायचं आणि ज्याच्या खिशात कॅश त्याला कुत्रा, अशानं फायदा नक्की कुणाचा होतोय?

टोमी_आणि_मंडळी:
विकत घेतलंत ना, मग भोगा. रस्त्यावर लाखो मरतायत आणि यांना लॅब पाहिजे.

तीन पायांची राणी:
वरच्यांनी जरा गप्प बसावं, माणसाचं पिल्लू गेलंय. दादा, वाईट वाटलं खरंच.

पण मी त्या दुसऱ्या बाजूची आहे, फोस्टर करते, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्री घरी सांभाळते, तर ऐका. घरमालकाचं पत्र का, तर अग्रीमेंट 11 महिन्यांचं असतं. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही हे पशू कल्याण मंडळाने केव्हाच सांगितलंय पण घरमालकाने पुढचं अग्रीमेंटच केलं नाही तर तुम्ही काय करणार? मग आम्हाला फोन, "ताई नवीन घरी चालत नाही, उद्या शिफ्टिंग आहे." मागच्या पावसाळ्यात दिलेल्या सहांतले दोन असेच परत आले, एक तर गच्चीत बांधलेला, गोचिडांनी भरलेला. तोवर ते पिल्लू आठ महिन्यांचं धूड झालेलं असतं आणि देशी, काळं, मोठं म्हटल्यावर त्याला कोण विचारतंय. फॉर्म लोकांना छळायला नसतो हो, आधी पोळलेलो असतो म्हणून असतो.

कर्वेनगरचा भाडेकरू:
ताई, मान्य. पण तो "सॉरी" फोनवर सांगता आला असता. मी पत्र आणलं होतं हो मालकांचं, सहीसकट.

कारवानवाला लातूर:
मी ब्रीडर आहे, आता घाला शिव्या. पण हायवेवर गाडीतून पिल्लू विकणारा तो ब्रीडर नाही, दलाल आहे. 2017 चे केंद्राचे नियम वाचा जरा. राज्याच्या पशू कल्याण मंडळाकडं नोंदणी पाहिजे, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय भरवायची नाही, वर्षात एकच वेत आणि आयुष्यात पाच. माझ्याकडं दोन माद्या. मी तर दोन वर्षांतून एकदाच वेत घेतो. आई दिसल्याशिवाय कुणी पिल्लू नेऊच नये, आणि जमलं नाही तर परत मलाच आणून द्यायचं हे मी आधीच लिहून घेतो.

दुसरं, आमचं कारवानी कुत्रं. चाकूर तालुक्यातलं जानवळ याच्यासाठी नावाजलेलं. सशाच्या शिकारीचं जनावर हे, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद, म्हणजे त्याचं कामच गेलं. आता रानात राखणीला ठेवायलेत तेवढंच. सगळेच "अडॉप्ट करा, ब्रीडिंग बंद करा" म्हणायले तर ही जात वीस वर्षांत फक्त फोटोत दिसंल. शेजारी कर्नाटकात मुधोळला तिथल्या मुधोळ कुत्र्यांसाठी निदान सरकारी केंद्र तरी हाय.

तीन पायांची राणी:
दादा तुमच्यासारखे किती? नियम कागदावर झकास आहेत. पण त्या इंस्टावाल्यांपैकी एकाची तरी नोंदणी कुणी तपासतं का? 2016 ला विक्रीसाठी परदेशातून कुत्रे आणणं बंद झालं, तरी नागपूरच्या मे महिन्यात हस्कीसारखे बर्फातले कुत्रे फिरतायत, म्हणजे इथेच पैदास चालू आहे ना. 2003 मध्ये हच मोबाइलच्या जाहिरातीत चपट्या नाकाचा पग आला आणि घराघरात पग झाले, आज त्यांना जिना चढताना श्वास पुरत नाही. कारवानीबद्दल मला काही म्हणायचं नाही, ते जगलंच पाहिजे. पण फ्लॅटमधल्या माणसाला तुम्ही देता का ते?

कारवानवाला लातूर:
नाही देत. वन बीएचकेत कारवानी म्हणजे त्याला शिक्षा. पुण्याहून पाच-सहा फोन येतात महिन्याला, सरळ नाही म्हणतो. एकजण 40 हजार देतो म्हणाला होता.

टोमी_आणि_मंडळी:
म्हणजे तुम्हीपण होम चेकच करताय की 😄

सुईवाला डॉक्टर:
ओपीडीतून लिहितोय, थोडक्यात. तिसऱ्या दिवशी उलट्या म्हणजे ते आजार घेऊनच आलं होतं, भाडेकरूसाहेब, तुमच्या घरी काही चुकलेलं नाही. पण एक लक्षात ठेवा, पार्व्होचा विषाणू घरात महिनोन्‌महिने राहतो, नुसत्या फिनाइलने पुसून जात नाही, ब्लीच वापरा. एवढ्यात नवीन पिल्लू आणू नका, विकतचंही नाही आणि दत्तकही नाही. लस पूर्ण झालेलं मोठं कुत्रं चालेल. दिवसभर घर रिकामं असेल तर तसंही मोठंच बरं, पिल्लाला दर तीन-चार तासांनी माणूस लागतं.

जळगावची सून:
सुप्रीम कोर्टाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात पण होतं ना, की पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेता येईल, फक्त तो परत रस्त्यावर येता कामा नये. मग उद्या पालिका पण पाच पानी फॉर्म देणार का?

तीन पायांची राणी:
देऊ दे की, जबाबदारी घ्यायची तर विचारणारच.

भाडेकरू दादा, डॉक्टरांचं वाचून सुचलं. माझ्याकडे चार वर्षांची एक आहे, नसबंदी झालेली, लस पूर्ण, दिवसभर सोफ्याखाली झोपते. दीड वर्षात एकानेही विचारलं नाही, सगळ्यांना पिल्लूच हवं. घाई नाही, मन तयार झालं की दोघं येऊन भेटून जा. मालकांचं ते पत्र मात्र आणा.

कर्वेनगरचा भाडेकरू:
पत्र फाडलं नाहीये अजून. बायकोला विचारतो. ती भुंकते का फार?

तीन पायांची राणी:
फक्त कुकरच्या शिट्टीला.