एमएसडब्ल्यूनंतर सायकियाट्रिक सोशल वर्कर: पात्रता आणि काम

प्रश्न
एमएसडब्ल्यूचं (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं) शेवटचं वर्ष चालू आहे, स्पेशलायझेशन मेडिकल अँड सायकियाट्रिक. मानसोपचार विभागात काम करायचंय. एवढ्यावर सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून नोंदणी होते का? आणि सायकॉलॉजिस्टपेक्षा हे काम वेगळं कुठे पडतं?

उत्तर १
नाही होत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत दोन पदव्या आहेत: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर सायकियाट्रिक सोशल वर्कमधलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह. नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे.
यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ च्या नियमावलीत एम.फिल. बंद केलं, मात्र या विषयाला आणि क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत प्रवेशाची मुभा दिली. त्यामुळे फी भरण्याआधी विद्यापीठाकडून चालू मान्यतेचं पत्र मागाच. नुसत्या जाहिरातीवर जाऊ नका.

उत्तर २
कामाबद्दल सांगतो. मानसशास्त्रीय चाचण्या सायकॉलॉजिस्टकडे, निदान आणि औषधं डॉक्टरांकडे. आपल्याकडे येतं ते रुग्णाचं घर: कमावतं कोण, औषध हातात कोण देतं, कर्ज, दारू, मारहाण. तीन पिढ्यांचा जेनोग्राम, म्हणजे कुटुंबाचा नातेसंबंधांसह आराखडा, काढा. आजार, आत्महत्या आणि तुटलेली नाती त्यात एका नजरेत दिसतात.
रुग्णाशी एकट्याने बोला, नातेवाइकांशी वेगळं. सगळ्यात जास्त बोलणाऱ्या नातेवाइकाचीच हकीकत केसपेपरवर उतरते आणि घरातला छळ लपून राहतो, हे फार घडतं. म्हणून प्रत्येक माहितीपुढे ती कोणी दिली ते लिहा.
डिस्चार्जची तयारी भरती झाल्या दिवसापासून करायची. झोप उडणं, जेवण टाकणं, संशय वाढणं यांपैकी या रुग्णात आधी काय दिसतं ते घरच्यांना लिहून द्या. औषधं पंधरा दिवसांची आणि पुढच्या भेटीची तारीख महिन्याने, असं झालं की मधले दोन आठवडे गोळ्या बंद राहतात आणि आजार उलटतो. दोन्ही तारखा स्वतः ताडून बघा.

उत्तर ३
वरच्यात एक भर. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत साथ द्यायला रुग्णाने नेमलेली व्यक्ती, कोण हे पहिल्याच भेटीत विचारा. सज्ञान रुग्ण साध्या कागदावर सही करून कोणाही सज्ञान व्यक्तीला नेमू शकतो. ती नात्यातलीच हवी असं नाही. भाऊ रोज येतो म्हणून त्याला सगळं सांगायचं नसतं. गोपनीयता हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे. जिवाला धोका असेल तर माहिती देता येते, पण धोका टळण्यापुरतीच. आणि कोणाला काय सांगितलं, त्याची नोंद त्याच दिवशी करा.