स्वतःची गाणी वाजवणाऱ्या स्थानिक बँडच्या कार्यक्रमाला वडिलांना न्यावे का?

देवगडचा श्रोता:
नमस्कार. पुढील महिन्यात कुडाळजवळ एका मंगल कार्यालयात तीन स्थानिक बँड एकापाठोपाठ वाजवणार आहेत. तिन्ही बँड चित्रपटगीते न वाजवता स्वतः रचलेली मराठी आणि मालवणी गाणी सादर करतात, म्हणूनच मला तिथे जाण्याची फार उत्सुकता आहे. वडिलांनाही सोबत न्यावे अशी इच्छा आहे. त्यांनी आयुष्यभर डबलबारीची, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सवाल-जवाबाची, भजने रात्र-रात्र बसून ऐकली आहेत, मात्र ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार त्यांनी कधी समोर बसून ऐकलेली नाही. तो आवाज त्यांच्या कानांना सोसेल का आणि गाण्याचे शब्द त्यांना नीट कळतील का, याची मला काळजी वाटते. सभागृहाला पत्र्याचे छप्पर आहे. कुठे बसणे योग्य ठरेल?

रत्नागिरीतील ध्वनिसंयोजक:
वडिलांना अवश्य न्या, परंतु जागा विचारपूर्वक निवडा. ड्रम आणि गिटारच्या अॅम्प्लिफायरचा आवाज मंचावरून थेट पुढच्या रांगांवर येतो, तर गायकाचा आवाज मुख्यतः दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून येतो. त्यामुळे पहिल्या रांगेत मध्यभागी बसणाऱ्याला ठेका खणखणीत आणि शब्द पुसट ऐकू येतात. मिक्सर, म्हणजे सर्व आवाजांची पातळी कमी-जास्त करण्याचे यंत्र, जिथे मांडलेला असेल त्याच्या जरा पुढे बसावे, कारण तिथला आवाज ऐकूनच ध्वनिसंयोजक सर्व वाद्यांचा तोल साधत असतो. मागच्या भिंतीला टेकून बसणे टाळा, तिथे बासचा, म्हणजे खर्जातला, आवाज साचतो. पत्र्याखाली आवाज घुमतो हे खरे आहे. सभागृह माणसांनी भरले की ती घुम बरीच कमी होते.

कानांचे म्हणाल तर 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे मानले जाते आणि त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते, म्हणजे 100 डेसिबलला ती जेमतेम 15 मिनिटे उरते. बंद सभागृहात ड्रमसेट ही पातळी सहज गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, तीही 15 मिनिटांच्या सरासरीने मोजलेली. म्हणून दोघांनीही इअरप्लग वापरावेत आणि दोन बँडच्या मधल्या वेळेत बाहेर मोकळ्यावर यावे. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग उंच स्वर अधिक दाबतात, त्यामुळे व्यंजने पुसट होतात. वादकांसाठी बनवलेले इअरप्लग सर्व स्वर साधारण सारखेच कमी करतात, शब्दांसाठी तेच घ्यावेत.

सावंतवाडीची गिटारवादक:
वरील सल्ला योग्यच आहे, पण मला तुमच्या वडिलांविषयी अधिक बोलावेसे वाटते. डबलबारीत समोरच्या बुवाने काय विचारले आणि आपल्या बुवाने काय उत्तर दिले हे कळण्यासाठी श्रोता एकेक शब्द पकडून बसतो. पखवाज आणि झांज कितीही रंगली तरी त्याचे कान शब्दांवरच असतात. स्वतःची गाणी लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना असाच श्रोता हवा असतो, कारण आमचे गाणे त्याने पूर्वी ऐकलेले नसते आणि ओळखीची चाल आमच्या मदतीला येत नाही. बँडने गाणी यूट्यूबवर ठेवली असतील तर त्यांतील दोन-तीन गाणी वडिलांना घरी शांतपणे ऐकवा. कार्यक्रमात तेच गाणे आले की त्यांना शब्द सापडतील.

आणखी एक विनंती आहे. पहिला बँड सुरू होण्यापूर्वीच या. शेवटच्या बँडसाठी गर्दी होते, पहिला मात्र बहुधा रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवतो, आणि स्पीकरचे भाडे व प्रवासखर्च वजा जाता अशा कार्यक्रमात हाती फारसे काही उरत नसल्याने समोर बसून लक्षपूर्वक ऐकणारी माणसे हेच आमच्यासाठी सर्वांत मोठे बळ असते.

देवगडचा श्रोता:
मनःपूर्वक आभार. इअरप्लग मागवतो. कार्यक्रम रात्री फार लांबेल का, एवढेच विचारायचे राहिले होते.

मालवणचा आयोजक:
ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंद सभागृहाला आतल्या आत वापरासाठी त्यातून सूट आहे, पण आवाज आवाराबाहेर जाऊन शेजाऱ्यांना त्रास होता कामा नये. पत्र्याच्या छपरातून आवाज बाहेर झिरपतो, म्हणून आम्ही अशा ठिकाणी 10 पूर्वीच संपवतो आणि त्यासाठी संध्याकाळी लवकर सुरू करतो. आयोजकांना सुरुवातीची नेमकी वेळ विचारून घ्या आणि देवगडला परतण्यासाठी वाहन आधीच ठरवून ठेवा, कारण त्या वेळेला एसटी मिळेल यावर विसंबणे योग्य नाही.