ऑनलाइन सुरी घेताना 'फॅक्टरी सेकंड' (दोष राहिल्यामुळे स्वस्तात काढलेला माल) कशी ओळखायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, मागच्या आठवड्यात एक आठ इंची शेफ नाइफ ऑनलाइन मागवली, फोटोत एकदम झकास, नेहमीच्या किमतीपेक्षा जवळपास निम्म्यात मिळत होती म्हणून फार विचार न करता ऑर्डर करून टाकली. आली ती साध्या पांढऱ्या खोक्यात, तिथेच जरा पाल चुकचुकली. बाहेर काढून बघते तर पात्यावरचा लोगो एका बाजूने पुसट, मुठीच्या तीन रिव्हेटपैकी (मूठ पात्याला जोडणारे खिळे) मधला किंचित वर आलेला (बोट फिरवलं की लागतो), आणि मुठीचं लाकूड आणि पोलाद यांच्यामध्ये फट, त्यात कागदाचा कोपरा जातो. धार मात्र छान आहे, कागद सरळ कापते.

विक्रेत्याला विचारलं तर म्हणे "मॅन्युफॅक्चरिंग व्हेरिएशन". पुन्हा पान उघडून वाचलं तर पार तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय की दिसण्यात थोडाफार फरक असू शकतो, कंपनीची वॉरंटी लागू नाही. म्हणजे सांगितलेलं होतं, मीच वाचलं नाही, कबूल.

आता प्रश्न असा की ही सेकंड आहे का, ठेवावी की परत करावी (मुदत अजून चार दिवस आहे), आणि मुख्य म्हणजे पुढच्या वेळी पैसे भरायच्या आधीच हे कसं ओळखायचं? जाणकारांनी प्लीज सांगा.

---

गंजकातर: खोक्यावरून काही ठरवू नका, ओपन बॉक्स (कुणीतरी उघडून परत केलेला) मालही साध्या खोक्यात येतो. पण वॉरंटी नाही + लोगो पुसट + रिव्हेट वर, हे तिन्ही एकत्र म्हणजे सेकंडच.

---

दगडघाशा: आधी एक गोष्ट, सेकंड म्हणजे वाईट असं नाही, माझ्या रोजच्या वापरातल्या दोन सुऱ्या सेकंड आहेत आणि मस्त चालतात. दोष दिसण्यातला आहे की पात्याच्या घडणीतला, एवढंच बघायचं. लोगो पुसट, पॉलिशवर ओरखडे, लाकडाचा रंग दोन बाजूंना वेगळा, हे सगळं सोडून द्या. मुठीतली फट मात्र सोडू नका, आत पाणी आणि घाण जाऊन बसते, लाकूड फुगतं आणि आतलं पोलाद गंजायला लागतं, स्टेनलेस असलं तरी.

घडणीतले दोष तपासायला पाच मिनिटं लागतात. सुरी डोळ्यासमोर धरून पाठीवरून (धारेच्या विरुद्ध बोथट कडेवरून) टोकाकडे बघा, बंदुकीचा नेम धरतो तसं, वाक असेल तर लगेच कळतो. मग धार सपाट पाटावर टेकवा, मागे दिवा ठेवा आणि सुरी हळूहळू टाचेकडून (धारेचा मुठीजवळचा भाग) टोकाकडे झुलवा. जिथे धार पाटाला टेकायला हवी तिथेच खालून उजेड दिसला तर तिथे जास्त घासलं गेलंय, म्हणजे त्या जागी कापताना शेवटचा धागा तुटतच नाही. शेवटी टाच आपल्याकडे करून समोरून बघा, पात्याचं पाचर दोन्ही बाजूंना सारखं उतरतंय का. धारेजवळ निळसर-तपकिरी झाक दिसली तर घासताना पातं तापलंय, तिथलं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलेलं असू शकतं, मग धार टिकत नाही.

ऑनलाइन घ्यायच्या आधी विक्रेत्याकडे हेच तीन फोटो मागायचे, पाठीवरून, टाचेच्या बाजूने, आणि मूठ-पातं जिथे जुळतं तिथला जवळून. आणि *तुम्हाला जी मिळणार तीच* सुरी असं स्पष्ट लिहायचं, नाहीतर कंपनीचा गुळगुळीत फोटो परत चिकटवतात. जो फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी घेत नाही, विषय संपला.

---

उलटीमूठ: दगडघाशा यांना +१, पण एक भर. दोन बाजू सारख्या नसणं म्हणजे दरवेळी दोष नव्हे हां! जपानी पद्धतीच्या काही सुऱ्यांना एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू मुद्दाम किंचित खोलगट ठेवतात. मी डावखुरा, उजव्या हाताची तसली सुरी घेऊन बसलो आणि महिनाभर विक्रेत्याला शिव्या घातल्या, चूक माझी होती. हातोडीचे ठसे, भट्टीतला काळा थर हेही मुद्दाम ठेवलेलं असतं.

दुसरं, सेकंड आणि नकली यात गल्लत नको. 'दमास्कस' (पोलादाचे थर जोडून बनवलेलं नक्षीदार पातं) म्हणून विकतात त्यातल्या कितीतरी सुऱ्यांवर नक्षी नुसती लेसरने छापलेली असते. खऱ्या थरांच्या रेषा पाठीवरही दिसतात आणि दोन्ही बाजूंना हुबेहूब सारख्या नसतात. तसंच 'जर्मन स्टील' म्हणजे जर्मनीत बनलेली सुरी असं नाही. १.४११६ नंबरचं पोलाद (साधारण ०.५% कार्बन, १५% क्रोमियम) कुठेही वापरता येतं. 'झोलिंगेन' (सुऱ्यांसाठी प्रसिद्ध जर्मन गाव) हे नाव मात्र तिथल्या कायद्याने १९३८ पासून राखीव आहे, ते पात्यावर असेल तर निदान गाव तरी खरं असायला हवं, अर्थात नकली छापणाऱ्याला कायद्याचं काय.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार! सांगितलं तसं केलं. पाठ सरळ आहे, समोरून पाचरही सारखं वाटतंय. पण पाटावर ठेवून मागे मोबाइलचा टॉर्च लावला तर टाचेपासून साधारण दोन बोटं पुढे उजेड येतोय, सुरी झुलवली तरी जात नाही. दगडावर घासून निघेल का हे?

---

दगडघाशा: निघतं, पण बाकी सगळी धार त्या खड्ड्याच्या पातळीला आणावी लागते, तासन् तास जातात आणि पातं तेवढं अरुंद होतं. वर मुठीत फट. परत करा. तक्रारीत "लोगो पुसट" लिहू नका, ते त्यांनी आधीच कबूल करून ठेवलंय. "धार पाटाला पूर्ण टेकत नाही" असं लिहा आणि टॉर्चवाला फोटो जोडा, याला दिसण्यातला फरक म्हणता येणार नाही.

---

धागाकर्ती: टाकली रिक्वेस्ट, फोटोसकट. आणि दुसऱ्या एका ठिकाणी ओपन बॉक्स सुरी दिसली, तिच्या पाठीचा आणि टाचेचा फोटो मागितलाय. आला की इथेच टाकते, बघून सांगा.