मदत हवी आहे: रोड बाइकला जास्त गिअर म्हणजे खरंच चांगलं का? (रत्नागिरी ते देवगड)

भाट्येकर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे शिमानोच्या क्लॅरिस गिअर संचाची रोड बाइक आहे. पुढे दोन चकत्या, ५० आणि ३४ दात्यांच्या. मागे आठ, ११ ते २८. म्हणजे कागदोपत्री १६ गिअर. टायर ७०० बाय २८. सायकल, पाणी आणि सामान धरून माझ्यासकट एकूण वजन ८५ किलोच्या आसपास. पंचेचाळिशी उलटली आहे. गुडघे अजून शाबूत आहेत, ते तसेच राहावेत एवढीच इच्छा.

दिवाळीनंतर रत्नागिरी ते देवगड सागरी रस्त्याने जायचं चाललंय. भाट्ये, पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर, मग पुढे पडेल, जामसंडे. ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांना सांगायला नको. पूल ओलांडला की चढ, चढ संपला की सडा (वरचं जांभ्याचं पठार), आणि सड्यावर जरा कुठे सूर लागतोय तोवर उतार थेट पुढच्या खाडीत. एकही चढ घाटाएवढा लांब नाही, पण दिवसभर हेच. गोळपच्या सड्यावर जाताना माझं असं होतं की सगळ्यात हलका गिअर पडून गेलेला असतो, तरी बोट लिव्हर दाबतच राहतं. पेडल इतकं हळू फिरतं की प्रत्येक फेरीला हँडल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

कोल्हापूरला एका दुकानात विचारलं. "साहेब, आठचा जमाना गेला, आता बारा. नवीनच घ्या." बारा म्हणजे पुढच्या दोन धरून चोवीस. इकडे भाच्याच्या साध्या सायकलला २१ गिअर आहेत आणि तो मला घरच्यांसमोर विचारतो, मामा, तुझ्या एवढ्या महागड्या सायकलला सोळाच का?

तर जाणकारांनी सांगावं. जास्त गिअर घेतल्याने चढ खरोखर सोपा होतो का? की आहे त्याच सायकलमध्ये काही करता येईल? नवीन सायकलीला माझी ना नाही, पण घरात विषय काढण्याआधी स्वतःची खात्री हवी.

---

सडेवाला

विषय काढू नका. निदान या कारणासाठी तरी नको.

तुमचे १६ गिअर प्रत्यक्षात १६ नाहीत. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागून बघा. ५० वर मागे २८ टाकलंत तर १.७९ येतं, ३४ वर १९ टाकलंत तरी १.७९. ५०-१९ आणि ३४-१३ सुद्धा जवळजवळ एकच. अशा जोड्या काढून टाकल्या की तुमच्याकडे उरतात साधारण अकरा. चोवीसवाल्याचंही असंच गळतं. म्हणून दुकानातला आकडा ऐकून ना हुरळायचं, ना खट्टू व्हायचं.

चढाला फक्त एक आकडा बघायचा, सगळ्यात हलका गिअर. तुमचा ३४ भागिले २८, म्हणजे १.२१. पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या, म्हणजे जेमतेम बऱ्या गतीने पाय फिरवायचे तर ताशी ९.३ किलोमीटर वेग ठेवावाच लागतो. १० टक्क्यांच्या चढावर ८५ किलोला त्यासाठी २२५ वॉटच्या आसपास ताकद लागते. चांगला सराव असलेला माणूस ती काही मिनिटं देईल, पण दिवसातून दहा वेळा नाही. मग फेऱ्या पन्नासवर येतात, चाळीसवर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर.

आता मागे २८ ऐवजी ३४ दात्यांची चकती आहे असं धरा. एक फेरी २.१ मीटर. त्याच ६० फेऱ्यांना १८५ वॉट पुरतात. मागे चकत्या आठच, आणि चढ १८ टक्के हलका. दुकानदाराची बारावाली सायकल चढाला हलकी लागते हेही खरं आहे, कारण नव्या १०५ ला (शिमानोचा बारावाला संच) मागे ३४ किंवा ३६ पर्यंतची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा गठ्ठा, येते. काम ३६ करतं आणि नाव बाराचं होतं.

विहिरीला पायऱ्या किती हे कोणी मोजत नाही, शेवटची पायरी पाण्यापर्यंत पोचते की नाही ते बघतात.

भाच्याला सांगा, २१ वाल्या सायकलला पुढची सगळ्यात लहान चकती बहुधा २४ किंवा २८ ची असते. तो चढतो ते त्या चकतीमुळे. तरी त्याने मामाला छळणं थांबवू नये.

---

मिऱ्याबंदर

सडेवाल्यांशी चढापुरता सहमत. पण जास्त गिअर म्हणजे नुसती जाहिरात असं कोणी समजू नये.

आठच्या ११-३२ कॅसेटमध्ये दाते असे असतात: ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३२. पंधरावरून अठरावर गेलात की एका खटक्यात २० टक्के फरक. वेग तोच ठेवायचा तर ९० फेऱ्यांच्या एकदम १०८. त्याच ११-३२ मध्ये अकरा चकत्या असतील तर मध्ये १४, १६, १८, २० अशा लहान लहान पायऱ्या मिळतात. गणपतीपुळ्याच्या पुढे सपाटीला दुपारी वायव्येचा वारा तोंडावर घेऊन चौघांच्या ओळीत जात असाल तर हा फरक पायाला चांगला कळतो. एक गिअर जड, दुसरा हलका, मधला नाहीच. एकट्याने, आपल्या तालात जाणाऱ्याला याचं फारसं काही वाटत नाही, हेही खरं.

म्हणजे तुम्ही कसे चालवता त्यावर आहे. ग्रुपमध्ये वेगाने जायचं असेल तर ११-१२ ला पैसे टाकण्यात अर्थ आहे. चढासाठी नाही.

---

देवगडचो_हापूस

गिअर कितीय असांदेत, पेडल तुकाच मारूचे लागतले. देवगडाक पोचलास की सांग, चाय माझ्याकडे.

---

जुना_दांडा

थोडं अवांतर. १९३७ पर्यंत टूर द फ्रान्समध्ये डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) वापरायला परवानगीच नव्हती. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चकती असायची. चढाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढायचं, उलटं बसवायचं आणि निघायचं. पिरेनीज आणि आल्प्स त्या लोकांनी असे केले. पुढे मागच्या चकत्या वाढत गेल्या. कॅम्पानोलोने ११ आणल्या २००८ साली, १२ आणल्या २०१८ साली, आणि शिमानोचा सगळ्यात वरचा संच ड्युरा-एस १२ वर आला २०२१ मध्ये.

आमच्या लहानपणी गावात गिअरची सायकल नव्हतीच. चढ आला की उतरून ढकलायची, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. आता चाळीस हजारांची सायकल ढकलताना मात्र माणूस इकडेतिकडे बघतो.

---

निवांत_पेडल

पुढे एकच चकती करून टाका की. पुढे ४०, मागे ११-४२. हलका गिअर ०.९५ होतो. पुढचा डिरेलर नाही, पुढचा शिफ्टर (गिअर बदलायचा लिव्हर) नाही, कटकट नाही. रोग्लिचने २०२३ च्या जिरोमध्ये (इटलीची मोठी सायकल शर्यत) मोंते लुसारीचा चढ एकाच पुढच्या चकतीवर मारला आणि स्पर्धा जिंकली.

---

सडेवाला

निवांत, त्या चढावर त्याची साखळीसुद्धा पडली होती, तेही लिहा.

चेष्टा सोडा, कल्पना वाईट नाही. भाट्येकरांचा सध्याचा जड गिअर ५०-११, म्हणजे ९० फेऱ्यांना ताशी ५२ किलोमीटर. आपल्या खाडीच्या उतारांवर वळणं, म्हशी आणि समोरून येणारी एसटी बघता तो वेग कोणी पेडल मारून गाठत नाही, हात ब्रेकवरच असतात. म्हणजे वरचे एकदोन गिअर गेले तरी चालतील. पण ४२ ची कॅसेट घ्यायची तर रोडचा डिरेलर पुरत नाही, साखळी घट्ट धरणारा वेगळा डिरेलर आणि दाते जाड-बारीक असलेली चकती लागते. नवीन सायकल घेताना हा विचार करा. असलेली मोडून करण्यासारखं नाही.

---

भाट्येकर

सगळ्यांचे आभार, विशेषतः चहासाठी.

सडेवाले, डिरेलरच्या आतल्या बाजूला मळाखाली "जीएस" अशी अक्षरं सापडली. याचा उपयोग काय? आणि ३२ घेऊ की ३४? एक मित्र म्हणतो, कॅसेट बदलायचीच आहे तर सरळ अकराची घे, एकदाच खर्च.

---

सडेवाला

जीएस म्हणजे लांब पिंजऱ्याचा डिरेलर. नशीबवान आहात. पुढचा फरक १६ (५० वजा ३४) आणि मागचा फरक (३४ वजा ११, म्हणजे २३) मिळून ३९ दात्यांची ढिली साखळी त्याला ओढून धरावी लागते. आखूड पिंजऱ्याला, म्हणजे एसएसला, हे झेपत नाही. साखळी लोंबते किंवा मोठी-मोठी जोडी (पुढे ५०, मागे ३४) पडली तर ताणून काहीतरी मोडते.

मित्राचं ऐकू नका. नुसती अकराची कॅसेट घालून आठचा शिफ्टर तिच्यावर चालत नाही, कारण एका खटक्याला केबल किती ओढायची हे शिफ्टरमध्येच ठरलेलं असतं. म्हणजे दोन्ही शिफ्टर, मागचा डिरेलर, बहुतेक वेळा पुढचाही, साखळी, कॅसेट. शिवाय अकराची रोड कॅसेट बसायला मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) बॉडी १.८५ मिलिमीटर जास्त रुंद लागते. जुन्या चाकाला ती नसेल तर चाकही आलं. "एकदाच खर्च" म्हणता म्हणता अर्धी सायकल होते.

३२ की ३४? आठमध्ये ३४ वाल्या बऱ्याच कॅसेट २६ वरून एकदम ३४ वर उडी मारतात. चढाच्या मध्यावर ती टाकलीत की पाय क्षणभर हवेत फिरल्यासारखे होतात, पण त्या क्षणी कोणी तक्रार करत नाही. ३२ मध्ये पायऱ्या जास्त सारख्या. तुमचं वजन, सामान आणि तो रस्ता बघता मी ३४ घेईन. रोज रत्नागिरी-गणपतीपुळे करणार असतात तर ३२ म्हणालो असतो.

एक लोकांना पटत नाही ते सांगतो. आंबा घाट, आंबोली घाट हे लांब असले तरी चढ त्या मानाने सौम्य आहेत, कारण मूळ रस्ते बैलगाड्यांसाठी आखलेले. तिथे २८ वरही निभतं. खाडीतून सड्यावर जाणारे गावचे रस्ते मात्र जुन्या पाखाडीच्या (पायऱ्यांच्या पायवाटेच्या) मागेमागे सरळ वर गेलेत. म्हणून घाट करून आलेला माणूस पूर्णगडला पायउतार होतो.

आणि पुढची चकती पुलावर असतानाच लहान करा. चढ लागल्यावर जोर देत ५० वरून ३४ वर आणायला गेलात तर साखळी पडते आणि मग हात काळे.

---

मिऱ्याबंदर

यात खाऱ्या हवेचं कोणी बोललं नाही. चकत्या जितक्या जास्त तितकी त्यांच्यातली जागा कमी. आठची साखळी बाहेरून सुमारे ७ मिलिमीटर रुंद, अकराची साडेपाच. जागा कमी म्हणजे केबलमध्ये जरा गंज धरला, केबलच्या आवरणात जांभ्याची लाल धूळ गेली, की लगेच गिअर अर्धवट पडायला लागतो. मधल्या चकत्यांवर कर्र कर्र सुरू. आठचा गडी तेवढं सहन करतो, बारीक स्क्रू अर्धा फेरा फिरवला की पुन्हा सरळ.

दुसरं म्हणजे आठची साखळी आणि केबल वाटेत तालुक्याच्या गावी मिळण्याची आशा तरी असते. बाराची साखळी आडिवऱ्याला तुटली तर कुरिअरची वाट बघत कालिकेच्या देवळात बसावं लागेल. महाकाली म्हणायचं होतं. देवी, राग मानू नको.

---

भाट्येकर

ठरलं. आठचीच ११-३४ मागवतो, सोबत नवी साखळी आणि केबल. घरात विषय काढायचा राहिला, तेही बरंच झालं.

आता शेवटचं: हे घरी जमण्यासारखं आहे का? पाने कोणते लागतात?

---

सडेवाला

जमतं. जुनी साखळी मोजून त्याच लांबीची नवी कापू नका, ती २८ च्या हिशेबाची आहे. नवी कॅसेट चढवा, साखळी डिरेलरमधून न घालता पुढच्या ५० आणि मागच्या ३४ वरून वेढा, जिथे टोकं भेटतात त्याच्यावर दोन कड्या जास्त ठेवा आणि मगच कापा. नंतर मागच्या डिरेलरचा बी-स्क्रू आत फिरवत न्या, वरची लहान पुली ३४ च्या दात्यांना घासायची थांबेपर्यंत. शेवटी केबलचा ताण जुळवा.

लॉकरिंगचा पाना आणि चेन व्हिप या कॅसेट सोडवायच्या दोन वस्तू घरात नसतात, पण त्यासाठी विकत घेऊ नका. माझ्याकडे आहेत, मी मारुती मंदिरच्या बाजूला राहतो. सामान आलं की व्यनि (खासगी निरोप) करा, रविवारी सकाळी या. फक्त सायकल धुवून आणा, लाल चिखल माझ्या अंगणात आधीच पुष्कळ आहे.