युद्धानंतर गावात जनावरंच उरली नसतील तर पेरणी कशानं करायची? (वळिवडे कॅम्पवरून पडलेला प्रश्न)

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळचा. वळिवड्याचा पोलिश कॅम्प बऱ्याच जणांना माहीत असेल, 1943 ते 1948 जवळजवळ पाच हजार पोलिश लोक तिथं राहिले, जास्त करून बायका नि पोरं, आणि नंतर त्याच जागेवर सिंधी निर्वासित आले नि आजचं गांधीनगर झालं. आमचे आजोबा कॅम्पात दूध घालायचे. त्यातली एक म्हातारी रोज म्हशीच्या पाठीवर हात फिरवायची आणि आमच्या घरी पण गाई होत्या असं खुणेनं सांगायची म्हणे.

तर परवा कट्ट्यावर वाद झाला. मित्र म्हणतो युद्ध संपलं की धान्याची पोती वाटायची, पुढचं लोक बघून घेतात. मी म्हटलं अरे बैल मेले, बियाणं खाऊन संपलं, रानात सुरुंग, मग पेरणार काय नि कशानं? तिकडं परत गेलेल्या ह्या लोकांनी काय केलं असेल? माहीत असेल त्यांनी सांगा, नुसतं गुगल कर म्हणू नका, करून बसलोय.

नकाशावेडा
आधी एक दुरुस्ती. वळिवड्यातले बहुतेक जण परत गेलेच नाहीत. ही माणसं पूर्व पोलंडातली, 1940-41 मध्ये सोव्हिएत सरकारनं त्यांना सैबेरिया-कझाकस्तानात हाकललं, तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे भारतात आली. 1945 ला पोलंडची हद्दच पश्चिमेला सरकवली आणि ह्यांची गावं सोव्हिएत संघात गेली. त्यामुळं बरेच जण ब्रिटनला गेले, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडात. पण पूर्वेकडून उठवलेल्या बाकीच्या लाखो शेतकऱ्यांना पोलंडनं पश्चिमेला जर्मनांनी सोडलेल्या जमिनींवर बसवलं. जमीन मिळाली, घर मिळालं आणि गोठा मोकळा. तुमचा प्रश्न तिथं लागू होतो.

गोठा_नंबर_सात
ह्यावर मी तासभर बोलू शकतो, थोडक्यात आवरतो. तिकडं नांगराला घोडे जुंपायचे, आणि सैन्यं जाता-येता तेच आधी घेऊन जातात. गाईगुरं तर निम्म्याहून जास्त गेली होती. मदतीसाठी 1943 च्या नोव्हेंबरात 44 देशांनी मिळून एक संस्था काढली होती, लोक तिला नुसतं 'अन्रा' म्हणायचे. तिनं पोलंडला साधारण 48 कोटी डॉलरचा माल दिला, त्या वेळचे डॉलर बरं का. त्यात अन्न, कपडे, औषधं होतीच, पण बियाणं, खत, ट्रॅक्टर आणि जिवंत जनावरं पण होती! मालवाहू जहाजांत लाकडी कप्पे ठोकायचे आणि एका जहाजावर सातशे-आठशे घोडे अमेरिकेतून अटलांटिक ओलांडून ग्दान्स्कच्या बंदरात. असे पोलंड, ग्रीस वगैरे मिळून तीन लाखांच्या आसपास प्राणी गेले आणि त्यांना चारा-पाणी करायला सात हजारांच्या जवळपास माणसं, बरीचशी शेतकऱ्यांची पोरं, काही तर सोळा वर्षांची. एका खेपेचे 150 डॉलर मिळायचे. वाटेत वादळ झालं की घोडे मरायचे, मग ते वर ओढून समुद्रात टाकायचं काम पण ह्याच पोरांचं.

आणि सगळं गोड नव्हतं. काही घोडे कुरणातले, खांद्यावर जू कधी न घेतलेले. आपल्याकडं नवीन खोंड पहिल्यांदा औताला धरला की काय तमाशा होतो माहिताय ना, इथं तर घोडा अमेरिकेतला, माणूस पोलंडचा, एकमेकांची हाक पण कळेना.

पंचगंगाकाठ
काय सांगता, जहाजातून घोडे! हे फुकट वाटायचे का विकत?

गोठा_नंबर_सात
अन्राचा माल त्या देशाच्या सरकारकडं जायचा, सरकार वाटायचं किंवा विकायचं, आणि विक्रीचा पैसा परत मदतकामावर घालायचं. फुकट गाई देणारी योजना वेगळी होती. इंडियानातला एक शेतकरी डॅन वेस्ट 1930 च्या दशकात स्पेनच्या यादवीत मुलांना दूध वाटायला गेलेला, तिथं त्याच्या डोक्यात आलं की पेलाभर दूध किती दिवस वाटणार, गायच द्यावी. 1944 ला पहिल्या 17 कालवडी पोर्टो रिकोला गेल्या, पुढं युरोपात. गाभण कालवड द्यायची, अट एकच, तिची पहिली पाडी दुसऱ्या गरजू घराला द्यायची. ह्या योजनेतल्या कालवडी अन्राच्या जहाजांतून फुकट जायच्या आणि बदल्यात जहाजावरची माणसं गोळा करायचं काम ह्या योजनेवाल्यांकडं.

शिरोळची_माहेरवाशीण
दादा ही तर आपली अर्धली की! म्हैस दुसऱ्याकडं सांभाळायला द्यायची आणि वाढीव वाटून घ्यायचं. फरक एवढाच की इथं वाटा मालकाला जात नाही, तिसऱ्याच घरी जातो.

मित्राला सांगा 2019 चा महापूर आठव म्हणावं. माझ्या माहेरी पाणी ओसरल्यावर जुन्या कपड्यांचा ढीग लागला होता, बिस्किटं इतकी की पोरं कंटाळली, आणि दावणीला उपाशी उभ्या जनावरांच्या वैरणीचं कुणाच्या डोक्यात पण नव्हतं. शेवटी आमच्या पाहुण्यांनी घाटावरून उसाचे वाडे टेम्पोत भरून आणले तेव्हा गाय वाचली.

नकाशावेडा
ताई पुरावरून आठवलं. पोलंडातल्या व्हिस्टुला नदीच्या मुखाशी झुवावी म्हणून सखल प्रदेश आहे, काही भाग समुद्रसपाटीच्याही खाली, बांध आणि पंपांवर शेती चालायची. 1945 ला माघार घेताना जर्मन सैन्यानं तिथं मुद्दाम पाणी सोडलं, पंप निकामी केले. युद्ध संपलं तरी रानात पाणी. उपसायला तीन-चार वर्षं गेली. तिथं धान्याची पोती देऊन काय होणार, आधी पंप पाहिजे, वीज पाहिजे, बांध बांधणारी माणसं पाहिजेत, मग वाफसा. आणि सगळीकडंच नांगर घालायच्या आधी सैनिकांनी सुरुंग शोधायचे. शेतकरी थांबत नव्हते म्हणा, हंगाम कुणासाठी थांबतो, त्यात किती जणांचे हातपाय गेले.

तिरकस_तात्या
सगळं खरं, पण त्या 44 देशांत भारत पण होता हे कुणी बोलत नाही. इंग्रजांच्या राज्यात आपण वर्गणी दिली, मालाच्या रूपात पण दिली, आणि संस्था निघाली त्याच 1943 मध्ये बंगालात लाखो माणसं भुकेनं मरत होती. मदतीचा नियम काय तर शत्रूनं व्यापलेला प्रदेश पाहिजे. बंगाल व्यापलेला नव्हता, बसा. पोलंडवर राग नाही माझा, पण हिशोब मांडायचा तर सगळा मांडा.

दुसरं, 1947 ला अन्रा युरोपातून गुंडाळली, सर्वात जास्त पैसा देणाऱ्या अमेरिकेला सोव्हिएत गटातल्या देशांना पोसायचं नव्हतं. लगेच मार्शल योजना, म्हणजे युरोप उभा करायची अमेरिकेची स्वतःची मदत, आली, ती पोलंडनं मॉस्कोच्या दबावाखाली नाकारली.

पंचगंगाकाठ
तात्या, बंगालचं पटलं, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मदत 47 ला थांबली तर घोडे आले त्या गावांचं पुढं काय झालं?

गोठा_नंबर_सात
घोडे राहिले की, घोड्याला काय माहीत मदत थांबली. पुढचा त्रास वेगळाच, 1948 पासून सरकार सामुदायिक शेतीच्या मागं लागलं, म्हणजे आत्ता कुठं दावणीला बांधलेला घोडा परत सगळ्यांचा. पोलिश शेतकरी अडून बसले, 1956 नंतर त्यातल्या बहुतेक सामुदायिक शेत्या मोडल्या. बाजूच्या देशांत ट्रॅक्टर फिरत असताना पोलंडच्या छोट्या तुकड्यांत कितीतरी वर्षं घोडाच नांगर ओढत होता.

शिरोळची_माहेरवाशीण
त्या म्हातारीचं नाव आजोबांनी कधी सांगितलं का हो?

पंचगंगाकाठ
नाही ताई. आजोबा तिला 'पोलंडवाली मावशी' म्हणायचे. जाताना तिनं आमच्या म्हशीला एक लोकरीची दोरी विणून दिलेली, ती आज्जीनं किती वर्षं ट्रंकेत ठेवली होती, घर पाडलं तेव्हा कुठं गेली कुणास ठाऊक.