सोलापूरच्या कारखानदाराला जर्सीचा ट्रस्ट कशासाठी?

ताळेबंद (धागाकर्ता)

मध्यंतरी शहरातील एका हॉटेलात टेरी टॉवेल निर्यातदार आणि काही डॉक्टर मंडळींसाठी संपत्तीच्या नियोजनावर व्याख्यान झाले. मुंबईहून आलेल्या सल्लागारांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की वारसा कर भारतात आज ना उद्या परत येणार आहे, पर्सनल गॅरंटीच्या (धंद्याच्या कर्जासाठी मालकाने स्वतः दिलेल्या हमीच्या) आधारे बँका आता घरापर्यंत पोहोचू लागल्या आहेत आणि मुले परदेशात स्थायिक झाली आहेत. तेव्हा कुटुंबाच्या संपत्तीचा काही भाग इंग्लंड आणि फ्रान्सदरम्यानच्या जर्सी बेटावरच्या किंवा कॅरिबियनमधील केमन बेटांवरच्या ट्रस्टकडे सोपवावा. तेव्हापासून माझ्याकडे येणारे अशील हाच प्रश्न विचारतात. सनदी लेखापाल म्हणून माझे मत स्पष्ट आहे: सोलापुरात राहून इथेच धंदा करणाऱ्या कुटुंबाला परदेशी ट्रस्टची गरज नाही आणि तो ज्या कारणांसाठी विकला जातो, त्यांतील बहुतेक कारणे तपासाला टिकत नाहीत.

पहिली अडचण कायद्यापेक्षा स्वभावाची आहे. ट्रस्ट केला म्हणजे लाभार्थ्यांसाठी सांभाळायला म्हणून मालकी विश्वस्ताकडे जाते आणि ती खरोखर जावी लागते. आपल्याकडचा मालक सुताच्या दरापासून ड्रायव्हरच्या पगारापर्यंत सारे स्वतः ठरवतो; तो म्हणणार, की मालकी गेली तरी चालेल, पण निर्णय माझेच राहिले पाहिजेत. रशियन उद्योजक सर्गेई पुगाचेव्ह यांनी न्यूझीलंडच्या कायद्याखाली केलेले ट्रस्ट नेमके याच ठिकाणी कोसळले. विश्वस्तांना काढण्याचे आणि त्यांचे निर्णय रोखण्याचे अधिकार त्यांनी 'प्रोटेक्टर' (विश्वस्तांवर देखरेख करणारा) म्हणून स्वतःकडे ठेवले होते. २०१७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ट्रस्टची पत्रे एकत्र वाचून निष्कर्ष काढला, की त्यांनी मालमत्तेवरचा ताबा सोडलेलाच नव्हता, आणि ती मालमत्ता धनको बँकेच्या आवाक्यात आली.

कराच्या बाबतीतही फार काही हाती लागत नाही. ट्रस्ट रद्द करता येण्याजोगा असेल, तर त्याचे उत्पन्न ट्रस्ट करणाऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. गुप्ततेचे म्हणाल, तर परदेशी खात्यांची माहिती देशादेशांनी आपोआप एकमेकांना कळवण्याच्या व्यवस्थेत भारत २०१७ पासून सहभागी आहे. विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ट्रस्टचा कर्ता, विश्वस्त आणि लाभार्थी या तिन्ही नात्यांची नोंद मागितली जाते. ती दडवली आणि काळ्या पैशाविषयीचा २०१५ चा कायदा लागू झाला, तर अघोषित मालमत्तेच्या किमतीवर ३० टक्के कर आणि कराच्या तिप्पट दंड, म्हणजे मालमत्तेपेक्षा देणेच मोठे होते.

राहिला वारसा कर. आपल्याकडे इस्टेट ड्युटी (मृताच्या संपत्तीवर लागणारा कर) १९८५ मध्ये रद्द झाली, तेव्हा तिचा सर्वांत वरचा दर ८५ टक्के होता; त्या आठवणीवर हे सल्लागार आजही जगत आहेत. उद्या तो कर परत आलाच, तर कायदा करणारे ट्रस्टना मोकळे सोडतील असे मानणे भाबडेपणाचे आहे. ब्रिटनने ६ एप्रिल २०२५ पासून नेमके तेच केले. मागच्या २० वर्षांपैकी १० वर्षे तिथे राहिलेल्या माणसाची जगभरातील संपत्ती वारसा कराच्या कक्षेत आली आणि त्याने पूर्वी करून ठेवलेल्या परदेशी ट्रस्टचे कवचही बहुतांशी गेले.

टॉवेलवाला

सीएसाहेब, आपला मुद्देसूद लेख वाचला, परंतु आपण परदेशी ट्रस्ट म्हणजे करचुकवेगिरी असे गृहीत धरून पुढे निघाला आहात, असे मला वाटते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे कुटुंब दोन पिढ्या यंत्रमाग चालवत आहे आणि आम्ही एक पैसाही लपवलेला नाही. आमची चिंता वेगळी आहे. थोरला मुलगा लंडनमध्ये १० वर्षांहून अधिक काळ आहे, म्हणजे आपण सांगितलेल्या नव्या नियमात तो बसतो. मी माझी संपत्ती मृत्युपत्राने थेट त्याला दिली, तर ती त्याच्या नावावर येईल आणि पुढे त्याच्या पश्चात, सवलतीची मर्यादा वगळता, तिच्यावर ४० टक्के वारसा कर लागू शकेल. मी इथे कमावलेल्या संपत्तीवर माझ्या नातवाने ब्रिटिश सरकारला कर का द्यावा? मी स्वतः तिथे कधी राहिलेलो नाही. माझ्यासारख्याने ट्रस्ट केला, तर त्यातली ब्रिटनबाहेरची मालमत्ता मुलाच्या संपत्तीत धरली जात नाही, असे लंडनच्या वकिलांनी आम्हांला सांगितले आहे.

दुसरे असे, की सर्वोच्च न्यायालयानेच अशा ट्रस्टना मान्यता दिलेली आहे. गोंडलच्या माजी संस्थानिकांच्या प्रकरणात २०१४ मध्ये न्यायालयाने म्हटले, की इंग्लंडमधील ट्रस्टमध्ये कोणाला किती द्यायचे हे विश्वस्तांच्या मर्जीवर असेल आणि लाभार्थ्याला प्रत्यक्षात काही मिळालेलेच नसेल, तर ते उत्पन्न त्याचे म्हणून धरता येणार नाही. मग सोलापूरच्या माणसाने तेवढेच केले, तर त्याच्याकडे संशयाने का पाहायचे?

निवृत्त शाखाधिकारी

संशयाने का पाहायचे, याचे उत्तर मी देतो. कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची) मर्यादा वाढवून घेताना हेच लोक 'घर आहे, प्लॉट आहे, सगळे तारण आहे' म्हणून सह्या करतात, आणि यंत्रमाग बंद पडू लागले की तेच घर कुठल्याशा ट्रस्टचे निघते. या शहरातील मोठ्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा देण्यांसाठी हेलपाटे घालत राहिले ते कामगार. मालकांच्या पुढच्या पिढ्यांना कुठे काही कमी पडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. निर्यातदारांच्या मेळाव्यात उघडपणे 'बँकेपासून संरक्षण' विकले जात असेल, तर त्याला नियोजन हा शब्द वापरू नये.

जुनी सनद

शाखाधिकारी साहेबांचा राग मला समजतो, परंतु कायद्याची स्थिती त्यांना वाटते तितकी कर्जदाराच्या बाजूची नाही. दिवाळखोरी संहितेचा वैयक्तिक जामीनदारांविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. त्यानुसार दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत कमी मोबदल्यात केलेली हस्तांतरणे उलटवता येतात. स्थावर मालमत्तेपुरते पाहिले, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५३ कितीतरी जुने आहे. धनकोंना चकवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण धनकोच्या सांगण्यावरून रद्द होऊ शकते. म्हणजे ट्रस्ट कुठे केला यापेक्षा तो केव्हा केला आणि त्या वेळी देणी किती होती, हे महत्त्वाचे ठरते.

पॅसिफिकमधील कुक बेटांनी १९८० च्या दशकात यावर तोड म्हणून कायदा केला. परदेशी न्यायालयाचा हुकूमनामा तिथे चालत नाही, धनकोला मुदत फार थोडी मिळते आणि फसवणूक फौजदारी खटल्याइतक्या कडक पुराव्याने सिद्ध करावी लागते. कागदावर किल्ला अभेद्य आहे. पण ट्रस्ट करणारा माणूस त्या बेटावर राहत नाही. अमेरिकेत एका दांपत्याने लोकांचे पैसे बुडवून रक्कम तिथल्या ट्रस्टमध्ये ठेवली. न्यायालयाने ती परत आणण्यास सांगितल्यावर बेटावरच्या विश्वस्ताने 'दडपणाखाली दिलेला आदेश' म्हणून ते नाकारले. पैसे बेटावर सुखरूप राहिले आणि नवरा-बायको न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात गेले. १९९९ मध्ये अपील न्यायालयानेही ते योग्य ठरवले.

टॉवेलवाल्यांना एक सांगावेसे वाटते. विश्वस्तांच्या मर्जीवर सारे सोडायचे, तर ती मर्जी उद्या कुठे वळेल याचाही विचार करावा. तैवानच्या फॉर्मोसा प्लास्टिक्सच्या संस्थापक वांग कुटुंबाच्या बर्म्युडातील ट्रस्टमध्ये विश्वस्तांनी लाभार्थी बदलण्याचा अधिकार वापरून मुलाबाळांना वगळले आणि सारी मालमत्ता दुसऱ्या एका ट्रस्टकडे वळवली. न्यासपत्रात (ट्रस्टच्या दस्तात) अधिकाराचे शब्द स्पष्ट होते. तरी बर्म्युडाचे शेवटचे अपील न्यायालय असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने २०२२ मध्ये निर्णय दिला, की अधिकार ज्या हेतूसाठी दिला होता त्या कुटुंबहिताच्या हेतूविरुद्ध तो वापरला गेला. कुटुंबाला न्याय मिळाला हे खरे, पण किती वर्षांच्या आणि किती खर्चाच्या लढाईनंतर! आपल्याकडच्या भावाभावांच्या वाटणीच्या दाव्यांना निदान सोलापूरच्या न्यायालयात तारीख मिळते.

डॅलसची लेक

मी मूळची सोलापूरची, सध्या टेक्ससमध्ये असते. या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे असे मला वाटते. तुम्ही सारे 'परदेशी' हा शब्द सोलापुरातून पाहून वापरत आहात. माझ्या बाबांनी सोलापूरच्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला कौटुंबिक ट्रस्ट अमेरिकेच्या दृष्टीने परदेशीच आहे. त्यातून मला काही मिळाले, तर मला तिथल्या कर खात्याकडे वेगळा फॉर्म भरावा लागतो. तो न भरल्यास मिळालेल्या रकमेच्या ३५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय ट्रस्टमध्ये वर्षानुवर्षे साठलेले उत्पन्न एकदम वाटले, तर मागच्या वर्षांचा हिशेब काढून व्याजासह कर लावतात. बाबांच्या सीएंना यातले काहीही ठाऊक नव्हते आणि त्यात त्यांचा दोषही नाही.

आणखी एक प्रश्न ट्रस्टशी थेट संबंधित नाही, पण सोलापुरात आता घरोघरी दिसतो. मोबाइलच्या ॲपवरून अमेरिकी कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या आईवडिलांना कोणी सांगत नाही, की तिथे न राहणाऱ्या परदेशी व्यक्तीच्या पश्चात अशा मालमत्तेवर ६०,००० डॉलरच्या वर अमेरिकेचा इस्टेट टॅक्स लागतो, आणि तो ४० टक्क्यांपर्यंत जातो. भारतात वारसा कर नाही म्हणून आपण निर्धास्त असतो.

ताळेबंद (धागाकर्ता)

ताईंनी मांडलेला मुद्दा माझ्या मूळ म्हणण्याला बळच देतो, म्हणून तो टॉवेलवाल्यांच्या उदाहरणाला लावून पाहतो. लंडनच्या दृष्टीनेही सोलापूर परदेशच आहे. ब्रिटनमध्ये कधीही न राहिलेल्या वडिलांनी भारतीय न्यास कायदा, १८८२ खाली इथेच ट्रस्ट केला, मालमत्ता इथलीच ठेवली आणि विश्वस्तही इथले नेमले, तर मुलाच्या वारसा कराबाबत जो लाभ जर्सीच्या ट्रस्टने मिळणार तोच याने मिळतो. लंडनच्या वकिलांनी ट्रस्ट करा असे सांगितले असेल, पण तो जर्सीतच करा असे सांगितले आहे का, हे त्यांना विचारून पाहावे. फक्त नातेवाइकांच्या हितासाठी केलेल्या ट्रस्टला मालमत्ता देताना आपल्याकडे ती देणगी म्हणून करपात्र होत नाही. लाभार्थ्यांचे हिस्से ठरवलेले नसतील, तर उत्पन्नावर कमाल दराने कर बसतो, हे खरे. पण जास्त उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तसाही बहुधा तोच दर लागू असतो.

उलट पैसे जर्सीला न्यायचे म्हटले, तर मार्ग अरुंद आहे. परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवता येतात. बऱ्याच कारणांसाठी पाठवलेल्या १० लाख रुपयांवरील रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर) आधी कापून घेते. तो कर पुढे वजा मिळतो, पण तोवर खेळते भांडवल अडकते. आणि इथल्या रहिवाशाने परदेशात कौटुंबिक ट्रस्ट स्थापन करावा, अशी सरळ परवानगी परकीय चलनाच्या नियमांत कुठेही लिहिलेली नाही. ती देणगीच्या तरतुदीतून ओढूनताणून काढावी लागते. पन्नास वर्षे चालावी अशी व्यवस्था अशा पायावर उभारण्याचा सल्ला मी देणार नाही.

गोंडलच्या निकालाविषयी एवढेच सांगतो, की ट्रस्टच्या गुप्ततेला किंवा एकूण उपयुक्ततेला त्याने प्रशस्तिपत्र दिलेले नाही. विश्वस्तांनी वाटप केलेच नाही, तर लाभार्थ्यावर कर बसवता येणार नाही, एवढाच त्याचा आधार आहे. वाटप कधीच न करता कुटुंब किती वर्षे थांबणार?

टॉवेलवाला

थांबणार नाही, हे मान्य करतो. पण सारी मालमत्ता भारतातच ठेवणे हीसुद्धा एक जोखीमच आहे, हे आपण कुठेही विचारात घेतलेले नाही. रुपया गेली कित्येक वर्षे कोणत्या दिशेने चालला आहे, हे निर्यात करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. नातवंडांची फी पौंडांत भरायची आहे आणि माझे उत्पन्न सोलापुरी टॉवेलवर आहे. विश्वस्त इथले नेमायचे म्हणजे शेवटी मेहुणा किंवा चुलतभाऊच नेमायचा. त्यापेक्षा परवाना घेतलेली, नियामकाच्या देखरेखीखाली असलेली, फी घेणारी आणि कुटुंबातील रुसव्याफुगव्यांपासून लांब असलेली व्यावसायिक संस्था मला अधिक विश्वासाची वाटते. जर्सीत १९८४ पासून ट्रस्टचा स्वतंत्र कायदा आहे आणि असे वाद रोज हाताळणारी न्यायालये आहेत. या बाबतीत आपल्या १८८२ च्या कायद्याशी त्याची तुलना करून पाहा.

मुलाने स्वतःच्या तिकडच्या कमाईतून तिकडेच काय ते करावे, यावर मात्र आमचे घरात एकमत झाले आहे. माझा कारखाना आणि इमारती यांसाठी इथला ट्रस्ट करावा का, याचा विचार करतो. अक्कलकोट तालुक्यातील शेतजमीनही त्यातच घालता येईल का, एवढे 'जुनी सनद' वकीलसाहेबांनी सांगावे.

जुनी सनद

शेतजमीन त्यात घालू नये. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याकडे शेतजमीन जाण्यावर निर्बंध आहेत आणि ट्रस्टला शेतकरी मानायचे की नाही, या वादात महसूल खात्यापुढे वर्षे जातील. मुलाला ती हयातीत बक्षीसपत्राने देण्याचाही विचार करू नये, कारण अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत किंवा बक्षीस घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र ती मिळू शकते. म्हणून जमिनीपुरते साधे मृत्युपत्र करावे आणि ते नोंदवून घ्यावे. तत्पूर्वी ती जमीन स्वकष्टार्जित आहे की वडिलोपार्जित, याचे फेरफार उतारे काढून पाहावेत. वडिलोपार्जित असेल, तर २००५ च्या दुरुस्तीनंतर आपल्या मुलींचा त्यात जन्मतः हिस्सा आहे आणि तो कोणत्याही देशातल्या ट्रस्टने किंवा मृत्युपत्राने काढून घेता येणार नाही. आपण आतापर्यंत फक्त थोरल्या मुलाविषयी लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे.