'वॉटर' नाम की क्रियापद? नातीचे नंबर कटले, कुणीतरी नीट समजवा

टिळकनगरची आजी, इंदूर

नमस्कार मंडळी. नात सहावीत आहे, शाळा इंग्रजी. घरात मराठी, खाली कॉलनीत सगळी हिंदी आणि दप्तरात इंग्रजी, असं तिचं चाललेलं असतं. मुलगा-सून विजयनगरच्या ऑफिसांतून परत येईपर्यंत रात्र होते, म्हणून संध्याकाळी व्याकरण मीच घेते.

तिच्या कॉपीत (पुण्याच्या मंडळींनी 'वही' असं वाचावं) शब्दांची एक यादी उतरवून दिली आहे. वॉटर: नाउन. हँड: नाउन. फास्ट: अ‍ॅडजेक्टिव्ह. राउंड: अ‍ॅडजेक्टिव्ह. पोरीनं घोकून पाठ केली. परवाच्या टेस्टमध्ये आलं, 'वॉटर द प्लांट्स बिफोर यू गो', वॉटरखाली रेघ. हिनं लिहिलं नाउन. लाल फुली. खाली 'हँड मी द स्केल'. पुन्हा नाउन, पुन्हा फुली. घरी आली ती रडकुंडीला येऊन. "आजी, कॉपीत तर नाउनच लिहिलंय!" म्हटलं, बाईंना विचार. बाई म्हणाल्या, 'कॉन्टेक्स्ट बघ.' आता सहावीतल्या मुलीनं कॉन्टेक्स्ट कुठं बघायचा, खिडकीबाहेर?

आपलं पाणी कसं, पाणीच राहतं. झाडांना पाणी 'घाल' असं सांगावं लागतं. 'झाडं पाणी' म्हटलं तर बादली कुणी उचलणार नाही. इंग्रजीला हे कसं खपतं? आणि ओळखायची काही युक्ती आहे का?

अजून एक. 'स्कूल बस'मधला स्कूल गाईडमध्ये विशेषण दिलाय. आमच्याकडच्या जुन्या व्याकरणात अशा शब्दाला नाम म्हटलंय. कुणाचं खरं धरायचं?

ट्यूशनवाली, सुदामानगर

काकू, ती यादी चुकीची नाही, अर्धवट आहे. प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलीनं 'बहुतेक वेळा' असं लिहून टाका. शब्दाची जात त्याच्या कपाळावर लिहिलेली नसते, वाक्यात तो काय काम करतो त्यावरून ठरते.

मी सहावी ते दहावी घेते. माझ्याकडं एकच सवय लावते. रेघ मारलेला शब्द अंगठ्यानं झाकायचा आणि त्या जागी दुसरं काय बसतं ते मोठ्यानं बोलायचं. 'वॉटर द प्लांट्स' झाकलं तर कट द प्लांट्स, सेल द प्लांट्स, असं काहीतरी येतं. म्हणजे ती जागा क्रियापदाची. 'ड्रिंक द वॉटर'मध्ये झाकलं तर मिल्क येतं, ज्यूस येतं, पण कट येत नाही. ती जागा नामाची. मनात म्हणून चालत नाही, तोंडानंच म्हणायला लावा. मुलांचा कान डोक्याच्या आधी पकडतो.

शंका उरली तर वाक्य कालचं करायचं. 'यस्टरडे शी वॉटर्ड द प्लांट्स', 'ही हँडेड मी द स्केल'. मागं ईडी लागला की विषय संपला, ते क्रियापद.

राउंड तर नमुनाच आहे. मी फळ्यावर अशी वाक्यं लिहिते:

द अर्थ इज राउंड. इथं विशेषण.
शी वॉन द फर्स्ट राउंड. नाम.
वी वॉक्ड राउंड राजवाडा. शब्दयोगी अव्यय, कारण पुढं राजवाडा आहे.
ही टर्न्ड राउंड. क्रियाविशेषण, पुढं काहीच नाही.
द टेम्पो राउंडेड द कॉर्नर. क्रियापद.

तिसरं आणि चौथं यांतच मुलं अडकतात. तिथं एवढंच बघायचं, की राउंडच्या मागोमाग त्याचं स्वतःचं नाम आहे की शब्द मोकळाच सुटलाय. स्कूल बसचं सावकाश सांगते, आत्ता बॅच आलीय.

जीरावन

ट्यूशनवाली ताई, तुमची अंगठ्याची युक्ती भारी आहे, पण पोरांना 'टेबल' झाकायला देऊ नका. टेबलसुद्धा क्रियापद आहे! सभेत ठराव टेबल करतात. त्यात गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये 'टेबल' केला म्हणजे चर्चेला मांडला आणि अमेरिकेत टेबल केला म्हणजे बाजूला ठेवला. आमच्या कंपनीत दोन्हीकडचे क्लायंट आहेत. मीटिंगमध्ये असा शब्द आला की मी गुपचूप विचारून घेतो, साहेब, घ्यायचं की टाळायचं?

आजी, आपल्याकडं हा उद्योग 'करणे' सांभाळतं. फोन कर, मेसेज कर, मेल कर, गूगल कर. इंग्रजीवाले नुसतं गूगल इट म्हणून मोकळे. 2006 मध्ये ते क्रियापद ऑक्सफर्डच्या कोशात जाऊनही बसलं. कंपनीचं वय तेव्हा जेमतेम आठ वर्षं. आमचं 'करणे' बिचारं अजून हमाली करतंय.

जुना प्रूफवाला, रामबाग

जीरावन, 'करणे'ला एवढं गरीब समजू नका. आणि मराठीत नामाचं क्रियापद होत नाही असं थोडंच आहे? हातावरून हाताळणे, लाथेवरून लाथाडणे, रंगावरून रंगवणे, पाण्यावरून तर 'डोळे पाणावले'. व्याकरणात यांना नामधातू म्हणतात. फरक एवढाच की आपण शब्दाला काहीतरी चिकटवतो. इंग्रजी काही न चिकटवता तोच शब्द पुढं ढकलते.

आजींनी 'कसं खपतं' विचारलंय, त्याचं उत्तर इतिहासात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे असं मोकाट नव्हतं. तिलाही आपल्यासारखे प्रत्यय होते. प्रेम म्हणजे 'लुवु' आणि प्रेम करणे म्हणजे 'लुवियन'. पिणे हे 'ड्रिंकन', पेय हे नुसतं ड्रिंक. शेपटीवरून जात कळायची. मग शब्दांच्या टोकांचे उच्चार ढिले पडत गेले आणि 1100 ते 1500 या काळात बहुतेक शेपट्या गळूनच गेल्या. 'लुवु' आणि 'लुवियन' दोघांचंही उरलं लव्ह. मग कोण कर्ता आणि कोण क्रियापद हे सांगणार कोण? वाक्यातली जागा. म्हणून इंग्रजीत शब्दांचा क्रम हलवता येत नाही. आपण 'झाडांना पाणी घाल', 'घाल पाणी झाडांना', काहीही म्हणावं, प्रत्यय सांभाळून घेतात. एकदा शेपूट नाही म्हटल्यावर कुठलंही नाम उचलून क्रियापदाच्या जागी बसवायला इंग्रजीला अडथळाच राहिला नाही.

काही जोड्यांत मात्र खूण तोंडात शिल्लक आहे. रेकॉर्ड, प्रेझेंट, ऑब्जेक्ट, परमिट हे नाम असताना जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. कॅसेटचा रेकॉर्ड वेगळा म्हणायचा आणि आवाज रिकॉर्ड करणं वेगळं. यूज नाम असला की शेवटी स, क्रियापद असलं की झ. हाऊसचंही तसंच. पण याचा नियम करून पाठ करू नका. रिपोर्ट, सपोर्ट दोन्हीकडं सारखेच बोलले जातात.

उगाच मराठीची ऐट नको म्हणून हेही सांगतो. 'वर' घ्या. वर जा, टेबलावर, मुलीला वर शोधतायत, देवानं वर दिला. मुंडावळ्या बांधलेला वर आणि माळ्यावरचा वर यांत घोटाळा झाल्याचं आजवर ऐकलेलं नाही.

टिळकनगरची आजी, इंदूर

प्रूफवाले, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. शेपट्यांचं नातीला इतकं आवडलं की काल 'कॅट'ची शेपूट कधी गळली असं विचारत होती.

अंगठ्याची युक्ती चालली. यादीतला 'फास्ट' काढून बसलो. रन फास्ट, फास्ट ट्रेन, इथपर्यंत ठीक. मग मी म्हटलं, उद्या माझी चतुर्थी, आय विल फास्ट. तिनं अंगठा ठेवला, म्हणाली, "आय विल ईट, आय विल स्लीप… क्रियापद! पण आजी, उपासाला जोरात कसं म्हणतील?" याचं उत्तर माझ्याजवळ नाही. उपासाच्या दिवशी मी तर मुळीच फास्ट नसते.

जुना प्रूफवाला, रामबाग

आजी, तुम्ही एम. टी. क्लॉथ मार्केटला कापड घेताना दुकानदाराला विचारता ना, 'रंग फास्ट आहे का?' तो तिथला फास्ट हाच मूळचा. पक्का, घट्ट, न हलणारा. 'फास्ट अस्लीप'मध्येही तोच, गाढ झोपलेला. नेमाला घट्ट धरून राहायचं, म्हणून उपास. आणि घट्ट धरून, नेटानं पळायचं म्हणता म्हणता तो वेगाचा झाला. म्हणजे पक्क्या रंगाचा फास्ट आणि पळणारा फास्ट सख्खे भाऊ आहेत, भाऊबंदकी नंतरची.

वेलचं मात्र असं नाही हं. विहीर म्हणजे वेल आणि ठीक म्हणजे वेल ही दोन वेगळीच घराणी, स्पेलिंग योगायोगानं एक झालं. कोशात त्यांना वेगवेगळे आकडे देऊन छापतात, तिथून ओळखायचं.

ट्यूशनवाली, सुदामानगर

काकू, स्कूल बसचं राहिलंच होतं. खरं सांगायचं तर तुमचं जुनं व्याकरण जास्त बरोबर आहे. रेड बस म्हटलं तर 'द बस इज रेड' म्हणता येतं, 'व्हेरी रेड' म्हणता येतं. 'द बस इज स्कूल' म्हणून बघा, 'व्हेरी स्कूल बस' म्हणून बघा, नात हसेल. म्हणजे स्कूल नामच राहिलाय, फक्त बसच्या पुढं बसून ती कसली ते सांगतोय. काम विशेषणाचं, जात नामाची. स्टोन वॉल, क्रिकेट बॅट, पोहा प्लेट, सगळे असेच.

पण पेपरात वाद घालायला लावू नका. तिच्या पुस्तकाच्या धड्यात 'नाउन यूज्ड अ‍ॅज अ‍ॅडजेक्टिव्ह' असं काही असेल तर तेच लिहू द्या, दोन्ही बाजू त्यात बसतात. पुस्तकात सरळ अ‍ॅडजेक्टिव्हच छापलं असेल तर परीक्षेपुरतं तेच. आणि बाईंकडं कॉपी पाठवताना ती 'बहुतेक वेळा' पेन्सिलीतच ठेवा, पेननं नको.

जीरावन

आजी, नातीला पुढचा म्हणून 'बट' द्या. नो इफ्स अँड बट्स, ऑल बट वन, ही इज बट अ चाइल्ड. पोरगी अंगठा झिजवेल.